खरा बिबट्या आणि मोबाईलमधले बिबटे

नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यात आपल्या जिल्ह्यात बिबट्याने तीन जीव घेतले. कोपरगाव तालुक्यात एक चिमुकली आणि एक वयस्कर महिला, तर नगर तालुक्यातील खारेकर्जुने येथे आणखी एक लहान मुलगी. त्याच्या थोडे आधी शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन बळी गेले होते. लोक रस्त्यावर उतरले, पिंजरे लागले, नेमबाज बोलावले गेले. भीती खरी होती आणि तिला कारणही खरे होते, हे आधीच सांगितलेले बरे. पुढे जे लिहिले आहे त्याचा अर्थ कोणी ‘बिबट्याचा उगाच बाऊ केला’ असा काढू नये.

पण त्याच दिवसांत दुसरे काही बिबटेही जिल्हाभर फिरत होते. ते उसात नव्हते, मोबाईलमध्ये होते. कोणाच्या अंगणात ऐटीत बसलेला, कोणाच्या जिन्यावरून उतरणारा, शाळेच्या फाटकाशी उभा असलेला. काही चित्रफिती दुसऱ्या राज्यांतल्या, काही तीन-चार वर्षांपूर्वीच्या, तर काही कृत्रिम बुद्धिमत्तेने दोन मिनिटांत तयार केलेल्या. काही अगदी खऱ्या आणि ताज्याही होत्या. वनखात्याला राज्यात ठिकठिकाणी लोकांना विनवावे लागले, की बनावट चित्रे पसरवू नका, कारवाई होईल. एकीकडे खऱ्या बिबट्याच्या ठशांमागे धावायचे आणि दुसरीकडे मोबाईलमधला बिबट्या खरा की खोटा ते पाहायला जायचे, असे दुहेरी काम त्याच मोजक्या वनरक्षकांच्या वाट्याला आले.

माहितीच्या अतिरेकाबद्दल आपण बोलतो तेव्हा डोळ्यांसमोर शहरातला, कार्यालयात बसलेला, दोन-तीन पडद्यांसमोर डोके धरलेला माणूस येतो. त्याला दिला जाणारा सल्लाही ठरलेला असतो: फोन बाजूला ठेवा, निसर्गात जा. आपल्याकडे नेमकी अडचण अशी की निसर्गातच बिबट्या आहे आणि तो कुठे आहे हे फोनवरच कळते. रब्बीत गव्हाला, कांद्याला पाणी द्यायचे तर वीज अनेकदा रात्रीची. दारे धरायला मध्यरात्री शेतात जाणाऱ्या माणसाला फोन बंद ठेवून चालत नाही. पंप चालू-बंद करण्याचे यंत्र मोबाईलवर, घोडेगावच्या कांद्याचा भाव मोबाईलवर, पोरांच्या शाळेचा निरोप मोबाईलवर. त्यामुळे फोन हवा की नको, एवढ्यावर हा विषय संपत नाही. संध्याकाळी सहा वाजता खारेकर्जुन्यातल्या किंवा येसगावातल्या माणसाला खरोखर एवढेच हवे असते: आज आमच्या शिवारात बिबट्या दिसला आहे का, कोणी पाहिला, किती वाजता, आणि आता काय करायचे. त्याच्या फोनवर त्या दिवशी बिबट्याविषयी चाळीस संदेश आलेले असू शकतात आणि या चार प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर त्यांत नसू शकते.

डोक्यात एका वेळी किती मावते

अर्थशास्त्रात पुढे नोबेल मिळालेले हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच एक साधी गोष्ट मांडली होती. माहिती काहीतरी खाऊन जगते, आणि ती खाते ती घेणाऱ्याचे लक्ष. माहिती वाढली की लक्ष कमी पडते. तेव्हा ना मोबाईल होता, ना इंटरनेट सामान्यांच्या हाती होते.

लक्षाची ही मर्यादा शरीरातलीच आहे. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये सांगितले, की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी मनात धरू शकतो. नंतरच्या संशोधनाने हा आकडा आणखी खाली आणला. नेल्सन कोवान यांच्या २००१ मधल्या मांडणीनुसार तो चारच्या आसपास आहे. याला कार्यकारी स्मृती म्हणतात. हिशेब करताना हातचा लक्षात ठेवतो ती जागा. या जागेत पाचवी गोष्ट आली की पहिल्या चारांतली एखादी बाहेर पडते. एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारली तरी पहिल्याचा काही अंश मनात रेंगाळत राहतो, असे सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रयोगांतून दाखवले. आणि आपण उड्या किती मारतो? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्लोरिया मार्क वीसेक वर्षे लोकांचे पडद्यावरचे लक्ष मोजत आहेत. २००४ च्या सुमारास माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे थांबत होता, अलीकडच्या मोजणीत हा काळ ४७ सेकंदांवर आला आहे.

एवढ्यावर थांबले असते तर फक्त काम मंदावले असते. पण मेंदूची आणखी एक सवय इथे घात करते. एखादी गोष्ट किती वेळा घडते याचा अंदाज तो मोजून करत नाही. तशी उदाहरणे किती चटकन आठवतात यावरून करतो. अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन यांनी १९७३ मध्ये याचा सविस्तर अभ्यास मांडला. एरवी ही सवय उपयोगाचीच आहे. ज्या गोष्टी वारंवार घडतात त्या चटकन आठवतातही. पण एकच चित्रफीत भावकीच्या ग्रुपवर, दूध संस्थेच्या ग्रुपवर, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर आणि पोरांच्या शाळेच्या ग्रुपवर अशी चार वेळा आली, तर मनात चार बिबटे जमा होतात. त्यातून खरा बिबट्याही रात्रीतून कित्येक किलोमीटर चालतो. तो तीन वाड्यांवर तीन जणांना दिसला की निरोप तीन निघतात आणि सकाळपर्यंत ‘आपल्याकडे आठ-दहा शिरलेत’ हे सर्वांना पटलेले असते. कोणीही खोटे बोललेले नसते.

दुसरी सवय याहून वाईट. अमेरिकेत १९७७ मध्ये लिन हॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना काही विधाने दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा दाखवली आणि ती किती खरी वाटतात ते विचारले. काही विधाने पुन्हापुन्हा येत होती, काही नवीन होती. पुन्हापुन्हा आलेली विधाने खरी असोत वा खोटी, लोकांना दर खेपेला ती अधिक खरी वाटू लागली. ओळखीचे वाटणे आणि खरे वाटणे यांतला फरक मेंदू नीट करत नाही. पुढे असेही दिसले, की बातमी खोटी आहे हे ज्याला माहीत आहे त्याच्यावरही या पुनरावृत्तीचा थोडाफार परिणाम होतोच. त्यामुळे ‘मी सुशिक्षित आहे, मला कळते’ ही ढाल इथे फार टिकत नाही.

शरीराला बिबट्या खरा की खोटा हे कळत नाही

समोर संकट आले की शरीर काय करते हे शाळेतल्या पुस्तकात आहे. छाती धडधडते, स्नायू ताणले जातात, रक्तात ॲड्रेनॅलिन उतरते, मागोमाग कॉर्टिसॉल येते. पळा किंवा लढा. संकट टळले की अर्ध्या-एक तासात शरीर मूळ पदावर येते. ही यंत्रणा समोरच्या बिबट्यासाठी घडलेली आहे. रात्री साडेदहाला अंथरुणात पडून पाहिलेल्या बिबट्यासाठी नाही. पण तीच यंत्रणा तिथेही चालू होते. ती बंद होण्यासाठी ‘संकट गेले’ ही खूण लागते आणि मोबाईलवर ती खूण कधी येत नाही. बिबट्या दिसल्याचा निरोप दहा हजारांना जातो, तो पिंजऱ्यात अडकल्याचा निरोप निम्म्यांनाही पोचतो की नाही कोण जाणे.

याचा एक अभ्यास मुद्दाम सांगण्यासारखा आहे. एप्रिल २०१३ मध्ये अमेरिकेत बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी पुढच्या काही आठवड्यांत साडेचार हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून अधिक वेळ त्याच घटनेच्या बातम्या आणि दृश्ये पाहणाऱ्यांमध्ये तीव्र तणावाची लक्षणे अधिक होती. प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही अधिक. आधीच घाबरलेली माणसे जास्त बातम्या पाहतात, हे यामागचे एक कारण असू शकते, त्यामुळे सगळा दोष पडद्यावर टाकता येत नाही. तरीही भीती आणि पाहणे ही दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात एवढे नक्की. भ्यालेला माणूस खात्रीसाठी फोन उघडतो, खात्री मिळत नाही, भीती वाढते, पुन्हा फोन उघडतो.

लहान मुलांचे तर आणखी वेगळे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ही चित्रफीत गुजरातची, ती जुनी, ती बनावट असा भेद करता येत नाही. त्याने पाहिलेला प्रत्येक बिबट्या त्याच्या परसातच असतो. रात्री दचकून उठणे, एकट्याने मोरीपर्यंतही न जाणे, शाळेच्या वेळी पोटात दुखणे ही त्या भीतीची रूपे असू शकतात. मोठी माणसे ‘हे बघ, हे बघ’ करत एकमेकांना फोन दाखवतात तेव्हा मांडीवरचे पोरही ते पाहत असते.

रैनपाड्याची आठवण

माहितीचा अतिरेक म्हणजे केवळ डोकेदुखी, असे ज्यांना वाटते त्यांनी १ जुलै २०१८ हा दिवस आठवावा. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील रैनपाडा इथे आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली ही माणसे. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या आधी कित्येक दिवस व्हॉट्सॲपवर फिरत होते. त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर मूळची कराचीतली होती. मुलांच्या सुरक्षेबाबत जागृती करण्यासाठी केलेली. तिचा शेवटचा, हे नाट्य आहे असे सांगणारा भाग कापून टाकलेला होता. असे संदेश पुन्हापुन्हा पाहिलेल्या लोकांसमोर अनोळखी माणसे आली आणि एका मुलीशी बोलली, एवढे पुरले.

त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. करोनाच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा फिरलेल्या संदेशांसाठी ही मर्यादा एकावर आणली. असे संदेश त्यामुळे ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनीनेच सांगितले. म्हणजे लोक बदलले नव्हते, बटण थोडे अवघड केले होते. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी साथीच्या जोडीने आलेल्या या माहितीच्या साथीला स्वतंत्र नाव दिले आणि तिच्याशी लढणे हेही आरोग्य यंत्रणेचे काम मानले.

खोटे इतके पळते का, याचे सर्वात मोठे उत्तर अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या अभ्यासात मिळते. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. दीड हजार लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सहापट वेळ लागला. यंत्रांनी चालवलेली बनावट खाती वगळून पाहिली तरी चित्र तेच. खोटे पसरवण्याचे काम माणसेच करत होती, कारण खोटे नवे असते, चमत्कारिक असते. ट्विटर म्हणजे व्हॉट्सॲप नव्हे, पण माणसे तीच आहेत.

अकोल्यात जे कळले होते

या सगळ्यातली मला सर्वात खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. बिबट्याविषयी जगात जे थोडे भक्कम ज्ञान आहे त्यातले बरेचसे आपल्याच जिल्ह्यात तयार झालेले आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात, जंगलात नव्हे तर उसाच्या आणि भाजीपाल्याच्या शेतांत, स्वयंचलित कॅमेरे लावून बिबटे मोजले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. तेही माणसांच्या दाट वस्तीत. त्यांचे खाणे तपासले तर सर्वात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला. जुन्नर भागात पूर्वी बिबटे पकडून दुसऱ्या जंगलात सोडण्याची मोहीम झाली होती. तिच्या अभ्यासात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेल्याचे दिसले. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या बिबट्याला बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. तो महामार्ग आणि रेल्वेचे रूळ ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. ‘आजोबा’ हे त्याचे नाव, त्यावर २०१४ मध्ये चित्रपटही आला.

ही माहिती मिळवायला वर्षे गेली. ती तुमच्या फोनवर गेल्या महिन्यात किती वेळा आली? माहितीचा पूर आल्यावर उपयोगी माहिती आपोआप वाढते, असे होत नाही. उलट जी सावकाश, मोजूनमापून तयार होते ती पुराच्या तळाशी जाते. मग ‘सगळे पकडा आणि लांब सोडा’ ही मागणी ग्रुपवर जोर धरते. ती मागणी मान्य झाल्यावर पूर्वी काय झाले हे मात्र कोणाला माहीत नसते.

अर्थात, अकोल्यातले आकडे बारा-तेरा वर्षांपूर्वीचे आहेत. त्या काळात तिथे माणसांवरचे हल्ले अगदी विरळ होते. आज परिस्थिती बिघडली आहे, ऊस सर्वदूर आहे, आणि मूल गमावलेल्या घराला पुण्या-मुंबईतून सहजीवनाचे धडे देणे हा निव्वळ उद्धटपणा आहे. पण शास्त्रज्ञांचे काम गावापर्यंत पोचवणे ही कोणाची तरी जबाबदारी होती आणि ती पार पडली नाही, हे म्हणायला हवे. मुंबईत हे झाले. २०११ पासून वनखाते आणि ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या उपक्रमाने पत्रकारांना बोलावून बिबट्याविषयी सांगायला सुरुवात केली आणि तिथल्या बातम्यांचा सूर हळूहळू बदलला. नगरच्या, श्रीरामपूरच्या, संगमनेरच्या वार्ताहरांनाही अशा बैठका हव्यात. आता वार्ताहरांइतकीच ग्रुपच्या ॲडमिनांनाही.

फोन बंद करून भागते का

दोन अभ्यास शेजारीशेजारी ठेवून पाहू. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४६७ जणांना दोन आठवडे मोबाईलवरचे इंटरनेट बंद ठेवायला सांगितले. फोन करणे आणि साधे संदेश चालू होते. लक्ष टिकवण्याची क्षमता, मनाचे स्वास्थ्य आणि समाधान या तिन्हींपैकी किमान एका बाबतीत ९१ टक्के लोक सुधारले. अनेकांना दोन्ही आठवडे नियम पाळता आला नव्हता, तरीही. दुसरा प्रयोग २०१८ च्या अमेरिकी निवडणुकीआधीचा. काही लोकांना चार आठवडे फेसबुक बंद करायला लावले. त्यांचा रोजचा सरासरी तासभर वाचला, मन थोडे हलके झाले. पण चालू घडामोडींची त्यांची माहितीही कमी झाली. शहरातल्या माणसाला हा तोटा परवडेल. ज्याच्या वस्तीमागे ऊस उभा आहे त्याला परवडणार नाही.

म्हणून मला सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव हे उदाहरण जास्त जवळचे वाटते. कडेगाव तालुक्यातल्या या गावात १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो. त्यानंतर दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई घरोघर फिरल्या. यातली खुबी अशी, की एकट्याने फोन बंद केला तर आपले काहीतरी चुकते आहे अशी रुखरुख लागते. सगळ्या गावानेच बंद केला तर चुकण्यासारखे काही उरतच नाही. मनोनिग्रहाचे ओझे एकट्याच्या खांद्यावरून उतरते. आपल्या जिल्ह्यातही असे सामूहिक ठराव अपरिचित नाहीत. नेवासे तालुक्यातील सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंडाचा ठराव केला, तेव्हा त्याची चर्चा देशभर झाली. शिवीला दंड ठरवणारे गाव बनावट बिबट्याचाही विचार करू शकते.

बातमीची वाट अरुंद करणे, हा दुसरा उपाय. आपल्याकडे पूर्वी दवंडी होती. सांगणारा माणूस गावाला माहीत असलेला, निरोप एकच, वेळ ठरलेली आणि दवंडीमागे कोणाची तरी जबाबदारी. दवंडी कोणी ‘आली तशी पुढे’ पाठवत नसे. आजच्या फोनमध्येही ते करता येते. ज्या ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकतो असा एक ग्रुप गावासाठी करायचा. त्यात सरपंच, पोलीस पाटील आणि वनरक्षक एवढेच लिहिणारे. प्रत्येक निरोपात तारीख, वेळ, शिवार किंवा वस्तीचे नाव आणि पाहणारा कोण हे असलेच पाहिजे. खात्री झाली नसेल तर ‘खात्री झालेली नाही’ असे स्पष्ट लिहायचे. आणि सर्वात महत्त्वाचे, प्रकरण संपले की ते संपल्याचा निरोप त्याच ग्रुपवर टाकायचा. बिबट्या दिसल्यास कळवायला वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहेच.

बनावट चित्रफीत ओळखायची कशी, असे लोक विचारतात. बोटे मोजा, सावली पाहा, पट्टे-ठिपके जुळतात का पाहा, असे सल्ले दोन वर्षांपूर्वी ठीक होते. यंत्रे आता त्यापुढे गेली आहेत आणि उद्या आणखी जातील. चित्रात डोळे खुपसून बसण्यापेक्षा चित्राबाहेर विचारणे जास्त भरवशाचे. हे कुठले, कधीचे, पहिल्यांदा कोणी टाकले? ज्याने पाठवले त्याला फोन करून ‘तू स्वतः पाहिलास का’ एवढे विचारले, तरी दहापैकी बऱ्याच गोष्टी तिथेच गळून पडतात. गॉर्डन पेनीकुक आणि डेव्हिड रँड यांच्या प्रयोगांत असे दिसले, की बातमी खरी आहे का एवढा विचार पुढे पाठवण्याआधी नुसता सुचवला तरी लोक खोट्या बातम्या कमी पाठवतात. परिणाम लहान असतो, पण फुकट असतो.

मघाशी डोक्यात चारच गोष्टी मावतात असे म्हटले होते. गंमत अशी, की बिबट्याच्या बाबतीत माणसाने लक्षात ठेवण्याजोग्या गोष्टीही साधारण तेवढ्याच आहेत. अंधार पडल्यावर मुलांना अंगणात किंवा कोपीबाहेर एकटे सोडू नये. शेतात रात्री जोडीने जावे, हातात बॅटरी आणि काठी असावी, बोलत किंवा फोनवर गाणी वाजवत चालावे. उसाच्या कडेला वाकून किंवा उकिडवे बसून राहू नये, कारण खाली बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा भासू शकतो. आणि दिसलाच तर पाठलाग करू नये, त्याला घेरू नये, चित्रीकरणासाठी गर्दी करू नये. हे शाळेच्या भिंतीवर लिहिता येईल. ऊसतोड मजुरांच्या अड्ड्यावर कोणी जाऊन तोंडी सांगितले तर त्याहून बरे. गळीत हंगामात सर्वात उघड्यावर असतात ती त्यांचीच मुले. ती माणसे बाहेरगावची, गावाच्या एकाही ग्रुपवर नसतात. चाळीस संदेशांच्या पुरात त्यांच्या कोपीपर्यंत एक थेंबही पोचत नाही.

घरात एवढे करता येईल. रात्री जेवणानंतर हे विषय फोनवर उघडायचे नाहीत. मुलांसमोर चित्रफिती लावायच्या नाहीत. मुलाने विचारले तर खरे सांगायचे, की बिबट्या आहे, आपण काळजी घेतो ती अशी. बातमी पाहायची तर दिवसातून दोन ठरलेल्या वेळा. दोन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, छातीत धडधड होत असेल, मूल शाळेत जायला तयार नसेल तर ते अंगावर काढू नये. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीतूनही बोलता येते. बिबट्याच्या हल्ल्यातून वाचलेल्या किंवा माणूस गमावलेल्या घरांकडे तर आरोग्य खात्याने आपणहून जायला हवे. नुकसानभरपाईचा धनादेश देऊन ते काम संपत नाही.

उरतो तो रात्रीच्या विजेचा प्रश्न. दिवसा वीज द्या ही मागणी जुनी आहे, बिबट्यामुळे ती जिवावरची झाली. सौर कृषी वाहिनी योजनेतून ती पुरी होईल असे शासन सांगते. कोणत्या फिडरला कोणत्या आठवड्यापासून दिवसा वीज मिळणार, हे सांगणारा एका ओळीचा निरोप रब्बी संपायच्या आत गावोगाव पोचायला हवा.